जाहीर दुरुस्ती

"आपल्या हेंद्रेपाड्याच्या कन्येनं कॅन्सरवर औषध शोधलं!" मंडळाचे अध्यक्ष शरदचंद्र ध्वनिक्षेपकावरून म्हणाले आणि मंडपात टाळ्या सुरू झाल्या.

व्यासपीठावर पद्मजाच्या खांद्यांवर नुकतीच शाल पडली होती. १९९२ च्या त्या हिवाळ्यात तिला मुंबईच्या एका संशोधन संस्थेतून डॉक्टरेट मिळाली होती. पहिल्या रांगेत तिचे वडील विष्णुपंत बसले होते. अंबरनाथ एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर माल तपासून नापास केला होता. आज मात्र तेही टाळ्या वाजवत होते.

दुसऱ्या रांगेतल्या इंदुबाई उठल्या आणि त्यांनी नवऱ्याचा दंड धरला. नाथा त्याच कारखान्यात ऑपरेटर होता. घशातल्या कॅन्सरच्या गाठीसाठी त्याला रोज मुंबईला नेऊन रेडिएशनचा शेक द्यावा लागत होता.

"चला घरी," इंदुबाई म्हणाल्या. "उद्यापासून शेक बंद. नुसतं भाजून काढलंय माणसाला. आता पोरगी औषध देईल."

पद्मजाने ते ऐकले. तिने ध्वनिक्षेपक ओढून घेतला. "मी औषध शोधलेलं नाही."

टाळ्या थांबल्या. शरदचंद्रांनी ध्वनिक्षेपकावर हात ठेवला. "अगं, सत्कारात थोडं वाढवूनच बोलतात. मागच्या वर्षी आम्ही मधूला उद्योगपती म्हणालो. त्याची पिठाची गिरणी आहे."

"शरदकाका, नाथाकाका शेक थांबवायला निघालेत."

त्यांनी हात काढला.

"प्रत्येक पेशीत एक प्रथिन असतं," पद्मजा म्हणाली. "पी-त्रेपन्न. कोणती जनुकं चालू व्हायची, कोणती बंद, यावर ते नियंत्रण ठेवतं. पेशीला आतून इजा झाली, तर ते तिची वाढ थांबवतं. तेच बिघडलं, की इजा झालेली पेशी वाढत राहते. दहा वर्षं जगभर समजूत होती, की हे प्रथिन कॅन्सर घडवतं. कारण प्रयोगशाळांच्या हाती लागलेला नमुनाच बिघडलेला होता. मी आपल्याकडच्या रुग्णांच्या गाठी तपासल्या. काहींत ते बिघडलेलं सापडलं, सगळ्यांत नाही. ते दुरुस्त कसं करायचं, हे मला माहीत नाही. अजून कुणालाच माहीत नाही."



"म्हणजे सुपरवायझर," नाथा बसलेल्या आवाजात म्हणाला. "गडबड दिसली की प्लांट बंद करणारा."

"जवळपास."

"आमच्याकडचा कधी बंद करायचा नाय. वरून प्रॉडक्शन मागायचा."

मागच्या रांगांतले कामगार हसले. पद्मजाही हसली, पण लगेच गंभीर झाली. "तुमच्या गाठीत तसं आहे की नाही, तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण शेकानं तुमची गाठ लहान होतेय, हे डॉक्टरांनी पाहिलंय. तो सोडू नका."

इंदुबाईंनी दंड सोडला नव्हता. "औषध नाही, काही नाही. मग सत्कार कसला गं?"

 पद्मजाने शाल काढली आणि ती नीट घडी घालू लागली.

"माझा शेक वाचला, त्याचा," नाथा म्हणाला. "बस खाली. उद्या सकाळी निघायचंय." इंदुबाई बसल्या. बसल्यावर त्यांनी नवऱ्याच्या गळ्याभोवतीचा मफलर सारखा केला.

शरदचंद्र घाम पुसत पहिल्या रांगेकडे वळले. "विष्णुपंत, आता जाहीर काय करायचं? तुम्हीच सांगा."

विष्णुपंत व्यासपीठावर चढले. लेकीच्या हातातली शाल त्यांनी उलगडली, तिच्या खांद्यांवर पुन्हा घातली आणि ध्वनिक्षेपकासमोर ताठ उभे राहिले.

"मंडळी, माझ्या मुलीनं," ते म्हणाले, "कॅन्सरवर औषध शोधलेलं नाही."

आणि त्यांनीच पहिली टाळी वाजवली.