पाठमोरी

बायको स्टुलावर पाठ करून बसली होती आणि सुतार तिच्या मागे सुरी घेऊन उभा होता.

ओट्यावरची मोठी सुरी. परवापर्यंत ती शेजारच्या घरी असायची. भाजी चिरायची झाली की बायको जाऊन आणायची, दार लावून चिरायची आणि धुऊन परत देऊन यायची. त्याच्या करवती, पटाश्या कुलपात होत्या. कारण धारेचं काही दिसलं की सुताराला बायकोची मान दिसायची.

आत्ताही दिसत होती. अंबाड्याखालची, मऊ. तिथे पातं घुसतंय, ब्लाउज लाल होतोय, ती वळून बघतेय. चित्र जायचं आणि पुन्हा यायचं. मुंगी चिरडली तरी हळहळणारा माणूस तो.

"मी काही करणार नाही ना गं?" एरवी दिवसभर तो हेच विचारायचा. "नाही हो," ती म्हणायची. घटकाभर बरं वाटायचं, की पुन्हा तेच. आता दोन्ही वाक्यांना बंदी होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "या आजाराला तुमचं 'नाही हो' हेच खाद्य आहे. ते तोडा. सुरी धरा, उभे राहा, भीती चढू द्या. चढली की आपसूक उतरते. पळालात तर मानगुटीवर बसते." दवाखान्यात पहिल्यांदा त्याच्या हाती सुरी देऊन त्यांनी स्वतःच त्याच्याकडे पाठ केली होती.

"चढलीय?" बायकोने समोरच्या भिंतीला विचारलं.

"गळ्यापर्यंत."

"मग राहा उभे. तेवढंच मला बसायला मिळतंय."

तेवढ्यात लोटलेलं दार भिंतीवर आपटलं.

बायकोचा थोरला भाऊ. ट्रक चालवणारा, दारातून तिरका होऊनच आत येईल असा देह. बहीण सुऱ्या शेजारी लपवते, हे त्याच्या कानावर गेलं होतं. काय ते बघायला आला होता. बघितलं, आणि मग काहीच विचारलं नाही.

पहिला ठोसा जबड्यावर बसला. सुतार मांडणीवर कोसळला, पातेली घरंगळत गेली. भावाने त्याला कॉलर धरून उचललं आणि भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. "माझ्या बहिणीवर सुरी? माझ्या बहिणीवर?" दर शब्दाला एक फटका.

"दादा, सोड! उपचार चाललाय त्यांचा!"

"मग मीही उपचारच करतोय!"

गुडघा पोटात गेला. सुताराच्या तोंडातून रक्त आलं, आवाज आला नाही. बायकोने खाली पडलेलं जाड बुडाचं पातेलं उचललं आणि भावाच्या खांद्यात घातलं. दुसऱ्यांदा मनगटावर. तो कळवळून मागे सरला.

सुतार भिंतीला घसरत खाली बसला. तेव्हा त्याचा उजवा हात पाठीमागून पुढे आला. सुरी मुठीत तशीच होती. मार खाताना त्याने ती पाठीमागे लपवली होती आणि भिंतीवर आपटताना पातं त्याचीच कंबर चिरत गेलं होतं. सदरा भिजला होता.

"हातात सुरी होती तुझ्या," भाऊ पुटपुटला. "मी जीव घेत होतो तुझा."

बायकोचे डोळे भरून आले. "बघितलंत? तुम्ही कधीच काही कर—"

"नको." सुताराने रक्ताबरोबर दात थुंकला. "ते वाक्य नको. बस तू."

"अहो, दवाखान्यात जाऊ या आधी."

"जाऊ. उतरल्यावर. आत्ता उठलो तर पळाल्यासारखं होईल."

तिने टॉवेल त्याच्या कमरेला करकचून बांधला आणि स्टुलावर जाऊन बसली. पाठमोरी. तो भिंतीच्या आधाराने उठला, तिच्या मागे येऊन उभा राहिला.

"त्यांना विचार येतो, दादा," ती वळून न बघता म्हणाली. "नुसता विचार. मला मारण्याचा. त्यालाच घाबरतात ते."

"मग मी काय करू?"

"ये, माझ्याशेजारी बस. भिंतीकडे तोंड करून."

भाऊ फरशीवर बसला. मागे सुताराचा श्वास फुटक्या नळासारखा वाजत होता. बऱ्याच वेळाने तो लांबला, मग संथ झाला. बायकोने खांदे सैल सोडले.

भावाने मात्र दोन्ही पंजांनी आपली मान मागून झाकून धरली होती.