तासभर आधी

“डॉक्टरीणबाई, हिला चांगलं खडसावून सांगा. चवथा महिना हाय अन् ही बया रोज सकाळी पळाया जाती!”

खुर्चीत टेकायच्या आतच गोजरबाईंनी तक्रार मांडली. शेजारी त्यांची सून संस्कृती हसू दाबत बसली होती. जामखेडच्या एका शाळेत ती खेळ शिकवायची. लग्नाआधीपासून तिला रोज पळायची सवय. आजही साडीखाली तिनं पळायचे बूटच घातले होते आणि त्यावरून सकाळी घरात एक फैर झडून गेली होती.

गोजरबाई मात्र पळत नसत. साऱ्या गावाला ते माहीत होतं. दहाची एसटी असली की त्या नऊलाच फाट्यावर जाऊन बसणार. समोरून गाडी सुटली तरी पाऊल उचलणार नाहीत, दुसरीची वाट बघतील. त्यांचे मालक रंगनाथ हयात असताना म्हणायचे, “हिच्यामागं मोकाट वळू धावत आला तरी ही त्याला म्हणंल, तू हो पुढं.” सगळे हसायचे. गोजरबाईही हसायच्या.

आता कोणाला खरं वाटणार नाही, पण पोरवयात याच गोजरनं शाळेच्या शर्यतीत पोरांना मागं टाकून पितळी तांब्या मिळवला होता. लग्नात भांड्यांबरोबर तोही सासरी आला. अजून त्या त्याच तांब्यानं पाणी पीत.

डॉक्टरीणबाईंनी कागद चाळले. “सोनोग्राफी चांगली आहे, रक्त, बीपी, सगळं छान. हिला पळायची सवय आधीपासूनच आहे, तेव्हा पळू दे. पण बोलता येईल इतक्याच वेगानं. उन्हात नाही. पाणी भरपूर प्यायचं. पोटात दुखलं, चक्कर आली, रक्त दिसलं, तर तिथंच थांबायचं आणि सरळ इकडं यायचं.”

गोजरबाईंचा चेहरा उतरला. भांडायला वकील आणावा आणि तोच समोरच्याला जाऊन मिळावा, तशी त्यांची गत झाली.

“अन् पोर पडलं म्हंजी?”

“पळाल्यानं चांगलं वाढणारं पोर पडत नसतं, मावशी. तिसऱ्या महिन्यापर्यंत जी जातात, त्यातली बहुतेक मुळातच नीट धरलेली नसतात. आई अंथरुणावर पडून राहिली असती, तरी गेलीच असती.”

गोजरबाई मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या.

“एस्टीमागं पळालं तरी?”

“तरी.”

“चाळीस वर्सांमागं पळालं आसंल, तरी?”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. संस्कृतीनं सासूकडं पाहिलं.

“तरीसुद्धा, मावशी. तुमच्या पळण्यानं नाही गेलं ते.”

तेव्हा, चाळीस वर्षांमागं, नागपंचमी तोंडावर आली होती. भाऊ छगन मुऱ्हाळी म्हणून तिला माहेरी न्यायला आला होता. गोजरला तिसरा महिना होता आणि हातात नवा हिरवा चुडा. दोघं फाट्यावर पोचली तर गाडी हललेली. छगन पळाला. पण त्याला मागं टाकून तीच पुढं गेली, गाडीच्या पत्र्यावर थाप मारली आणि गाडी थांबवली. कंडक्टर म्हणाला, “शाब्बास पोरी!” माहेर येईपर्यंत ती नुसती हसत होती. किती दिवसांनी ती पळाली होती!

चौथ्या दिवशी सगळं संपलं.

सासू भागिरथीबाई तशा वाईट नव्हत्या. परत आलेल्या सुनेला त्यांनी महिनाभर गरम पाण्यानं न्हाऊ घातलं. पण पहिल्याच दिवशी त्या एवढंच बोलल्या होत्या, “एस्टी घावली गं, पर पोर घालवलंस.” पुढं गोजरला दोन पोरं झाली, मोठी होऊन मार्गी लागली. भागिरथीबाई गेल्या, रंगनाथ गेले. ते वाक्य तेवढं राहिलं.

दवाखान्याबाहेरच्या लिंबाखाली गोजरबाई बसल्या आणि रडल्या. पदरही तोंडाला लावला नाही. येणारे-जाणारे बघत होते. संस्कृती त्यांचा हात धरून बसली होती.

“आई, कधी बोलला नाहीत.”

“काय बोलायचं? मीच केलं म्हनून?”

रडण्यात वेळ कसा गेला ते कळलं नाही. दोघी स्टँडवर पोचल्या तेव्हा त्यांच्या गावची एसटी फलाटावरून मागं येऊन वळण घेत होती. दुसरी अडीच तासांनी. ऊन तर नुसतं भाजत होतं. संस्कृती सवयीनं जागीच थांबली. सासू बरोबर असली की सुटलेली गाडी सुटलीच, हे तिला लग्नापासून पाठ होतं.

गोजरबाईंनी पिशवी तिच्या हातात कोंबली.

“तू दमानं ये.”

त्यांनी पदर कमरेला खोचला आणि त्या पळाल्या. पाच पावलांवर एक चप्पल निसटली, तिच्याकडं त्यांनी बघितलंही नाही.

“आई! आई, पळू नका!” संस्कृती मागून ओरडली.

फाटकाशी त्यांनी गाडी गाठली आणि पत्र्यावर थाप मारली. करकचून ब्रेक लागला. दार उघडून कंडक्टरनं खाली वाकून बघितलं.

“आवं आजी, ह्या वयात येवढं पळायचं आसतं व्हय? दुसरी गाडी हाय की.”

गोजरबाईंनी दाराचा दांडा घट्ट धरला. धाप लागली होती, डोळे अजून ओले होते, आणि त्या पोरीसारख्या हसत होत्या.

“आसू दे, बाबा. चाळीस वर्सं पळायचं राह्यलं हुतं.”