कुंपणाची तपासणी

"साहेब, आधी चहा घ्या. कुंपण कुठं पळून जातंय?"

मोटरसायकल उभी करता करता शेतकरी तिसऱ्यांदा म्हणाला.

"आधी काम, मग चहा," म्हणत योजनेचा अधिकारी बांधाकडे निघालासुद्धा.

सरकारने अनुदानावर सौर कुंपण दिलं होतं. एक पॅनेल, बॅटरी, झटका मशीन आणि मक्याभोवती तारा. जनावराने हलकासा झटका खाऊन मागे फिरावं, एवढंच त्याचं काम. पण रानडुकरं निघाली निगरगट्ट. नुसते कान हलवून आत शिरू लागली. अर्धा मका आडवा झाला तेव्हा याचं डोकं फिरलं. रात्री आकडा टाकून त्याने खांबावरची वीज थेट तारेत सोडायला सुरुवात केली. घर जागं व्हायच्या आत आकडा काढायचा आणि दिवसभर साळसूदपणे हिंडायचं. हे फक्त बायकोला ठाऊक होतं. तेव्हापासून तिने अबोला धरला होता.

आज साहेबांचा फोन उजाडायच्या आधीच आला, रस्त्यावर घ्यायला या म्हणून. हा तसाच धावत सुटला. आकडा काढायचा राहिला, हे साहेब मागे बसल्यावर आठवलं.

बायको दारात उभी होती. कपडे चिखलाने माखलेले, केस विस्कटलेले. त्याने डोळ्यांनी खुणावलं. ती नुसती बघत राहिली.

"साहेब, हात नका लावू!" तो ओरडला.

"अहो, हा झटका म्हणजे चिमटा. याने कुणी मरतं का?" साहेबांनी हसत तार मुठीत धरली.

याने डोळे गच्च मिटले.

"मशीन दिवसा बंद ठेवता वाटतं. छान."

त्याने डोळे उघडले. खांबावर आकडा नव्हता. बायकोने काढला होता! त्याच्या जिवात जीव आला.

घराशी येऊन साहेब म्हणाले, "कुंपण वडिलांच्या नावावर आहे. त्यांची सही लागेल."

"आबा झोपलेत," बायको म्हणाली.

पाखरांआधी उठणारे आबा अजून झोपलेत? त्याला नवल वाटलं. मग उमगलं. आबा भोळे, साहेबांपुढे भलतंच बोलून बसायचे. म्हणून ही सांभाळून घेतेय.

"उठवा की."

"नको साहेब. रात्रभर खोकत होते. पडू दे त्यांना."

साहेबांनी दारातून डोकावलं. आबा भिंतीकडे तोंड करून, डोक्यापर्यंत पांघरूण घेऊन पडले होते.

"बरं, पुढच्या खेपेला घेऊ," म्हणत साहेबांनी चहा संपवला आणि ते शेजारच्या शेताकडे चालत गेले.

ते दिसेनासे झाल्यावर तो मटकन खाली बसला आणि हसायलाच लागला.

"वाचवलंस बाई! आकडा कधी काढलास?"

"तुम्ही गेल्यावर," ती म्हणाली. "आबांना तारेवरून सोडवताना."