मैदानावरचं छप्पर

सकाळच्या प्रार्थनेला उन्हात उभं राहून रोज एखादं मूल भोवळ येऊन खाली बसायचं. खेळाच्या बाईंनी तीन वर्षं खेटे घातले, पालकांना कामाला लावलं, आणि अखेर मैदानावर हिरव्या जाळीचं छप्पर चढलं. सगळी शाळा पहिल्यांदाच सावलीत उभी राहिली, तेव्हा बाईंचे डोळे भरून आले.

मुख्याध्यापक माईकसमोर आले. "मुलांनो, उन्हापायी आजवर मला दोन मिनिटांत आवरतं घ्यावं लागायचं," असं म्हणत त्यांनी खिशातून कागदांची जाडजूड घडी काढली. "आता कसं, निवांत बोलू!"

तिसरं पान उलटलं, तशी पहिलीतली एक चिमुरडी बाईंची बाही ओढत कुजबुजली,


"बाई, हे छप्पर परत गुंडाळता येतं का हो?"