फुल्ल रेंज

बेबीनंदाबाईची प्रीती पुण्याला मोबाईल कंपनीत मोठी साहेब. शेजारची उषाबाई रोज ओट्यावर इचारायची, "काय वं, लेकीचा फोन आल्ता का?"

"ती तर रोज लावून राह्यली! पर आपल्या पिंपळगावात रेंज कुठंय? परवा तिचा आवाज पुण्याहून निघाला, भोकरदनच्या बाजारात उतरला, आन् तिथल्या भेंडीवालीनंच सगळा ऐकून घेतला!"

सगळा ओटा खदखदा हसायचा. पाच वर्षं ही थाप बराबर चालली.

मंग प्रीती सगळ्या टावरांची मुख्य झाली, आन् तिनं पहिली सही केली ती माहेरच्या घरामागच्या टावरासाठी. बेबीनंदाबाईच्या मोबाईलवर चारही कांड्या भरल्या. उषाबाईनं गावभर पेढे वाटले, "आता मायलेकी दिवसभर बोलत बसा!"

महिना झाला. कांड्या भरलेल्या, मोबाईल मुका. उषाबाई अजून रोज इचारते, आन् बेबीनंदाबाई मोबाईल पदराखाली सारते.

काल टावर तपासायला कंपनीचा माणूस आल्ता. तिनं त्याला बाजूला घेतलं, चहा पाजला आन् हळूच इचारलं,



"दादा, आमच्या घरापुरती रेंज बंद करता यील का?"