बुंगाची लवंग

झाड पडलं तेव्हा बुंगा आत जाऊन चटईवर आडवी झाली. दोन्ही हात छातीवर घेतले आणि डोळे मिटून घेतले.

"ऊठ," रुकाया म्हणाली. "काही होत नाही तुला."

पण हे सांगताना तिने लेकीकडे पाहिलं नाही. मूल जन्मेल त्या दिवशी त्याच्या नावाने लवंगेचं रोप लावायचं. पुढे झाडाला जे होईल ते मुलाला होईल. माकियान बेटावर हे कुणी कुणाला शिकवत नाही. बुंगाच्या झाडाने यंदा, सातव्या वर्षी, पहिल्यांदा कळी धरली होती.

वलंदेजांना, त्या गोऱ्या डच व्यापाऱ्यांना, लवंग फक्त दूरच्या आंबोन बेटावर पिकायला हवी होती, म्हणजे भाव त्यांच्या हातात राहतो. बाकी बेटांवरची झाडं तोडायला राजाने शिक्का दिला होता. तोडायला माणसं दुसऱ्या बेटांवरची, होड्या वल्हवायला लावून आणलेली. गोरा अंमलदार सावलीत उभा राहून नुसतं बोट दाखवत होता.

दुपार झाली तरी बुंगाने घास घेतला नाही.

"मेलेली माणसं जेवत नाहीत, आई," ती डोळे न उघडता म्हणाली.

रुकायाने तिच्या थोबाडीत मारली आणि मग तिलाच घट्ट धरून बसली.

तेवढ्यात दारात पाणी मागायला माणूस आला. ज्याने झाड तोडलं होतं तोच, तालो.

"ओढ्यावर जाऊन पी, मेल्या. तुमच्याकडे पोरंबाळं नाहीत का?"

तालोने चटईकडे पाहिलं. या मोसमात त्याने अशा बऱ्याच चटया पाहिल्या होत्या. कुऱ्हाड बाहेर ठेवून तो उंबऱ्यावर टेकला.

"हिचं होतं का ते? माझंही तोडलं. दोन वर्षं झाली."

"तुझं?"

"माझं. आणि तोडायला मलाच लावलं."

बुंगाने एक डोळा उघडला. "मग तू मेला नाहीस?"

"दाढ दुखते अधूनमधून. पण ती आधीपासूनच."

"खोटं."

"हात लावून बघ."

ती रांगतच आली. त्याचं मनगट दाबून पाहिलं, मग छातीला कान लावला. बराच वेळ.

"वाजतंय," ती आईला म्हणाली.

"वाजणारच. आता मला जेवायला वाढा. हिच्या वाटणीचं चालेल."

"माझं का?" बुंगा ताडकन म्हणाली. "माझं मी खाणार."

रुकायाने सागोची भाकरी दोघांत मोडून दिली. पोर त्याच्या तोंडाकडे बघत चावत होती. त्याने घास गिळला की मग ती गिळायची. रुकायाला हसू फुटलं आणि हसता हसता तिला खाली बसावं लागलं. मग दाराशी जाऊन तिने हाक मारली, "अगं बायांनो, पोरांना घेऊन या! ह्याला बघा!"

आळीतल्या बाया आल्या, कुणाचं मूल कडेवर, कुणाचं हाताला धरून. एकीने त्याचा दंड चिमटून पाहिला. एक भाजलेला मासा घेऊन आली आणि तो खातो कसा ते बघत उभी राहिली.

खाली शिट्टी वाजली. वरच्या आळीची झाडं बाकी होती. तालो कुऱ्हाड खांद्यावर टाकून चढणीला लागला. अंगणातून सगळं बघत-ऐकत बसलेला त्याचा जोडीदार बासो हळू आवाजात म्हणाला, "तुझं कसलं रे झाड? तुमच्या तोबेलोत लवंग उगवते तरी का?"

"पोरीने खाल्लं ना?"

"खाल्लं."

"मग झालं. आणि पाय ओढत चालू नकोस, त्या बाया अजून बघतायत."