धबधब्याजवळची डायरी

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून घरी पोचेपर्यंत माझं डोकं तापलेलं असायचं. म्हणून आमच्या लेकीने, कल्पिताने मला व्हीआर हेडसेट आणून दिला. तो डोळ्यांवर चढवायचा, समोर दिसणाऱ्या धबधब्याजवळ बसायचं आणि मनातला राग डायरी लिहिल्यासारखा बोलून टाकायचा. कानात पाण्याचा आवाज इतका, की मला माझंच बोलणं ऐकू यायचं नाही.

आमटीतला ढीगभर गूळ, आईचा टीव्ही, धाकट्या बंटीचे दारात पसरलेले बूट, रोज संध्याकाळी एकेक गोष्ट मी धबधब्याला सांगितली. महिन्याभरात मी इतका शांत झालो, की वरच्या मजल्यावरचं ड्रिल सोडलं तर कशाचाच त्रास होईना. सोसायटीच्या ग्रुपवर मी लांबलचक मेसेजही टाकला, की जग बदलत नसतं, आपण बदलायचं असतं. बत्तीस अंगठे आले.

आज हेडसेट चढवायला घेतला, तर शीलाने माझी खुर्ची उचलून गॅलरीत नेऊन ठेवली.



"अहो, आज इथे बसून ओरडा. घरातलं आम्ही सगळं सुधारलं, वरच्यांना अजून ऐकू गेलेलं नाही."